मनाई येईपर्यंत

आमच्या चुलीचा तळ ज्या दिवशी खाली आला त्या दिवशी मी अग्रलेख लिहीत होतो, आणि विषय होता 'आपल्या गावाची प्रगती'. आधी स्वयंपाकघरातून धप्प असा आवाज आला, मग थोडी राख आली, आणि मग बायको आली.

"मिस्टर प्रूइट," ती म्हणाली, "आजचा ब्रेड राखेत गेला."

इथे एक सांगून ठेवतो. केझाया मला चारचौघांत मिस्टर प्रूइट म्हणते, ते रीतीला धरूनच आहे. घरात ती मला थॅड म्हणते. पण घरात, दार लोटलेलं, आसपास चिटपाखरू नाही, अशा वेळी ती मिस्टर प्रूइट म्हणाली की समजावं, आज आपलं काही खरं नाही.

"लोहाराकडून ठिगळ मारून आणू की," मी म्हणालो.

"ठिगळ मारायला मूळ चूल राहिलीय कुठे? तिच्यात सगळी ठिगळंच आहेत. आणि थँक्सगिव्हिंगला ड्रुसिला येत्येय."

मी लेखणी खाली ठेवली. ड्रुसिला ही माझी मेव्हणी. तिचा नवरा डब्यूकच्या बँकेत मोठा साहेब आहे. आमच्या लग्नात, केक कापून व्हायच्या आत, ती सगळ्या पाहुण्यांसमोर बहिणीला म्हणाली होती, "वर्तमानपत्रवाला करत्येस खरी, पण जेवण काय तो छापून वाढणार आहे?" त्यानंतर तिनं आमच्या घरचं पाणीदेखील घेतलं नव्हतं. आणि आता एकाएकी तिनं कळवलं होतं की या खेपेला सणाची टर्की तुझ्याच हातची खाणार.

"मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही," केझाया म्हणाली. हे खरं होतं, आणि म्हणूनच ऐकायला फार जड गेलं. "क्रॅट्झच्या दुकानात निकेलच्या कठड्याची एक बिडाची चूल आहे. मी दोनदा जाऊन तिला नुसता हात लावून आलेय. ड्रुसिला यायच्या आत ती घरात हवी. नाहीतर मी तिला कळवते की मी आजारी आहे, आणि मग खरंच आजारी पडते."

"चूल येईल," मी म्हणालो. "अगं, या गावातली कुठली वस्तू माझ्या रकान्यांतून या घरात आली नाही?"

हे मी फुशारकीनं म्हणालो, आणि तिथेच फसलो.

माझं साप्ताहिक 'लँटर्न'. टॅलमन्स फोर्ड आणि आजूबाजूच्या शेतवाड्यांत ते जातं. आयोवातल्या कुठल्याही लहान गावच्या संपादकाला विचारा, रोख पैसे कशाला म्हणतात ते तो आठवून आठवून सांगेल. वर्गणी लाकडात येते, बटाट्यात येते, सलगमांत तर फारच येते. जाहिरातवाल्यांची तऱ्हा तीच. ज्याची जाहिरात छापावी त्याचा माल घरी यावा. त्यामुळे आमच्या बैठ्या घरावर विजेपासून रक्षण करणाऱ्या तीन कांबी आहेत. चर्चच्या मनोऱ्यावर एकच आहे. माळ्यावर रक्तशुद्धीच्या कडू अर्काच्या बाटल्या रांगेनं उभ्या आहेत. दंतवैद्य डॉक्टर लूमिस दर मोसमाला हॉटेलात उतरतात, त्यांनी आमच्या कुटुंबातले वाटेल तितके दात विनामूल्य उपटून देण्याचं वचन दिलं आहे. आणि सर्वांवर कडी म्हणजे थडग्यांचे दगड घडवणारे अँब्रोज क्विल. त्यांनी पांढऱ्याशुभ्र संगमरवराची एक शिळा पाठवली, आणि आपुलकीनं तिच्यावर 'यांच्या स्मृतीस' या शब्दांसकट माझं नाव आणि जन्माचं वर्ष आधीच कोरून टाकलं. "पुढची जागा मोकळी ठेवलीय," ते म्हणाले. "घाई मुळीच नाही." ती शिळा लाकडाच्या खोपीत उभी असते. रोज सकाळी मी सरपण आणायला जातो आणि रोज सकाळी माझं नाव वाचून परत येतो. एखाद्याचा उत्साह कितीसा टिकेल?

तर मी जुने अंक काढून बसलो. शवपेट्या, कंबरपट्टे, केश वाढवणारं तेल, केश काळे करणारं तेल, गाण्याचा वर्ग, घोडे, खोगिरं, सगळं होतं. चूल नव्हती. सगळ्या गावात एकच इसम असा निघाला ज्यानं 'लँटर्न'मध्ये कधी एक ओळ दिली नव्हती, आणि तो म्हणजे कॉनराड क्रॅट्झ.

क्रॅट्झ हा जर्मन, एकटा जीव, दुकानाच्याच मागे राहणारा. दुकानाच्या मधोमध त्याची एक चूल बारा महिने पेटलेली असे, गिऱ्हाइकाला जळती चूल दिसावी म्हणून. तिच्यावर त्याची कोबी शिजत असे आणि तिच्याभोवती गावातले निरुद्योगी लोक पाय शेकत बसत. मीही त्यांत असायचो. पण मी बातम्या गोळा करायला बसायचो, हा फरक आहे.

"क्रॅट्झसाहेब," मी म्हणालो, "तुम्ही जाहिरात का देत नाही?"

"गावात चुलींची दुकानं किती?"

"एक."

"ते कुठे आहे हे कुणाला माहीत नाही?"

"सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग छापायचं काय, संपादकसाहेब? उद्या नदी कुठे आहे तेही छापाल." आणि त्यानं कोबी ढवळली. भोवतालचे निरुद्योगी हसले. त्यांतल्या एकाकडे माझी दोन वर्षांची वर्गणी तुंबली होती, पण ते असो.

निकेलच्या कठड्याची चूल कोपऱ्यात उभी होती. मी तिच्याकडे बघितलेलं त्यानं बघितलं. "रोख," तो म्हणाला. "सलगम नको."

घरी परतताना डीकन लेम्युएल स्प्रेग यांनी मला कुंपणापाशी गाठलं. डीकन आमचे शेजारी. चर्चचे डीकन तेच, दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष तेच, आणि गावचे अग्निनिरीक्षकही तेच. या तिन्ही कामांतून उरलेला सगळा वेळ ते मला सल्ला देण्यात घालवतात. आमच्या माळ्यावरच्या कडू अर्काचा त्यांना फार गुण येतो. त्यात निम्मी दारू आहे हे बाटलीवर बारीक अक्षरात छापलंय, पण डीकनना जवळचं दिसत नाही.

"थॅड, तुझं चुकतंय कुठे सांगू?" ते म्हणाले. "तू त्याच्याकडे मागायला जातोस. द्यायला जा. माणसाला शेवटी काय लागतं? दगड लागतो. ती तुझी शिळा आहे ना, ती दे त्याला."

"तिच्यावर माझं नाव आहे."

"उलटी करायची. पाठ कोरी आहे."

मूर्खासारखं मी तेही केलं. हातगाडीवर शिळा घालून, वर गोणपाट टाकून, भर दिवसा मुख्य रस्त्यानं नेली. वाऱ्यानं गोणपाट उडालं ते नेमकं पोस्टासमोर, आणि माझं नाव सगळ्यांनी वाचलं. संध्याकाळपर्यंत तिघीजणी केझायाचं सांत्वन करून गेल्या आणि एक कोंबडी, एक पुडिंग अशी आमच्या घरी दुःखाची भेट जमा झाली. क्रॅट्झनं शिळेला बोटानं टिचकी मारली आणि म्हणाला, "दगड चांगला आहे. माणूस संपल्यावर या."

शिळा परत आणताना मी मागच्या गल्लीनं आलो.

त्या आठवड्यात मला चैन म्हणून पडत नव्हतं. छपाईचे खिळे जुळवायला बसलो की उठावंसं वाटे, उठलो की खिडकीशी जावंसं वाटे, खिडकीतून क्रॅट्झच्या दुकानाचं धुराडं दिसे आणि पुन्हा येऊन बसावंसं वाटे. केझाया लोखंडी कढईत, उघड्या विस्तवावर मक्याचा ब्रेड भाजत होती. तो एका बाजूनं कोळसा आणि एका बाजूनं पीठ असा होई. ती काही बोलत नसे. बोलली असती तर मी भांडून तरी मोकळा झालो असतो.

अशात क्रॅट्झचा गाल सुजला. डीकननी ही बातमी मला धावत येऊन दिली. "देवानंच दार उघडलंय," ते म्हणाले. "लूमिस हॉटेलात आलाय. तुझ्या नावावर दात उपटायचे आहेत. एक त्याला दे."

क्रॅट्झ दुखण्यानं इतका हैराण झाला होता की तो मुकाट्यानं माझ्याबरोबर आला. डॉक्टर लूमिस यांची जाहिरात मीच लिहिलेली आहे: 'वेदनारहित, हळुवार, अचूक'. पहिली दोन विशेषणं त्यांच्या आग्रहाखातर होती, तिसरं मी माझ्या पदरचं घातलं होतं. त्यांनी क्रॅट्झला खुर्चीत दाबलं, गुडघा त्याच्या छातीवर रोवला, आणि एक सुंदर, शुभ्र, निरोगी दात उपटून खिडकीच्या उजेडात धरला.

"हा नव्हे," क्रॅट्झ म्हणाला. म्हणजे तोंडात कापूस असताना जेवढं म्हणता येतं तेवढं म्हणाला.

"शेजारचा होता होय?" डॉक्टर म्हणाले. "काही हरकत नाही. मिस्टर प्रूइट यांच्याकडे अजून पुष्कळ शिल्लक आहेत."

क्रॅट्झनं दुखरा दात तसाच ठेवला आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. दुकानातल्या चुलीभोवतीची माझी खुर्चीसुद्धा त्यानं उचलून ठेवली.

आता कुठलाही शहाणा माणूस डीकनचा सल्ला ऐकायचं थांबला असता. पण सण जवळ येत चालला होता, आणि मनुष्य बुडताना कुंपणापलीकडून काय येतंय ते बघत नाही. "त्याला जाहिरातीची गोडीच माहीत नाही," डीकन म्हणाले. "एकदा फुकट छाप. गिऱ्हाइकं आली की तो स्वतः चूल घेऊन तुझ्या दारात येतो की नाही बघ."

मी छापायला बसलो. चुलीचं चित्र हवं, तर माझ्याकडे चित्रांचे ठोकळे मोजकेच: घोडा, आगबोट, बोट दाखवणारा हात, आणि क्विल यांच्या जाहिरातीतलं श्रीमंतांचं थडगं. थडग्याला मधोमध दार होतं, खाली चार पाय म्हणता येतील असे खांब होते, वर कळस होता. मी कळसाच्या टोकाशी थोडी शाई जास्त लावली, तो धूर झाला. सांगितलं नाही तर कळायचं नाही, असं मला वाटलं.

मग मजकूर. खरं सांगतो, नेहमीचं 'उत्कृष्ट, मजबूत, माफक' असलं काही सुचेना. स्वयंपाकघरातून केझायाच्या खोकल्याचा आवाज येत होता, उघड्या विस्तवाचा धूर तिच्या घशात जायचा. मी न ठरवता खिळे उचलत गेलो:

'ज्या बाईनं वर्षानुवर्षं पहाटे उठून गारठल्या हातांनी तुमचा ब्रेड भाजला आणि कधी तक्रार केली नाही, तिच्या हातांकडे आज एकदा बघा. मग क्रॅट्झच्या दुकानाकडे चालू लागा. निकेलचा कठडा. ब्रेड दोन्हीकडून सारखा भाजतो.'

खाली नेहमीप्रमाणे बारीक अक्षरात टाकलं, 'मनाई येईपर्यंत'. आमच्या धंद्यात हे सगळ्याच जाहिरातींखाली असतं. ज्यानं जाहिरात दिली तो येऊन 'पुरे' म्हणेपर्यंत ती चौकटीतून हलत नाही. आमच्या गावातले एक टोपीवाले वारून बराच काळ लोटला, त्यांची उन्हाळी टोप्यांची जाहिरात अजून येते. मनाई करणार कोण?

अंक निघाला. शनिवारी बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम उशिरा, सावकाश, हात पाठीशी बांधून क्रॅट्झच्या दुकानाकडे निघालो. आभार मानायला आलेल्या माणसाला आपण घाईत भेटू नये. पण रस्ता गाड्यांनी तुंबला होता. दुकानाच्या दारात बायकाच बायका. शेतवाड्यांवरच्या, नदीकाठच्या, कधी गावात न दिसणाऱ्या. प्रत्येकीमागे एक नवरा, मान खाली घातलेला.

"मी म्हटलं ह्यांना, बघा माझे हात," एक बाई दुसरीला सांगत होती. "तर म्हणे, ब्रेड आण आधी. मी 'लँटर्न' तोंडावर धरला. मग आले गाडी जुंपून."

"मला कळसवाली हवी," दुसरी क्रॅट्झला बजावत होती. "चित्रातली. साधी नको."

मी गर्दीतून आत शिरलो, तो निकेलच्या कठड्याची चूल बाहेर येत होती. ती गाडीवर चढवणाऱ्या माणसाला मी पाठमोरंच ओळखलं.

"डीकन," मी म्हणालो.

"काय करू, थॅड," ते म्हणाले, आणि जरा लाजले तरी. "तुझं ते हातांचं वाचून बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ही शेवटची होती."

"सल्ला कुणाचा होता हा?"

"माझाच. सल्ला चांगलाच होता, बघ ना."

इतकी वर्षं मी दुकानदारांना छातीठोक सांगत आलो होतो की जाहिरातीनं माल खपतो. माझा स्वतःचा त्यावर कधी विश्वास नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा एक जाहिरात चालली, आणि तिनं माझीच चूल विकली. घरी जाऊन केझायाला हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. सांगितलं. तिनं ओट्याच्या फडक्याची घडी घातली.

"ते हातांचं तुम्हीच लिहिलंत?" तिनं विचारलं.

"दुसरं कोण लिहिणार?"

"बरं," ती म्हणाली, आणि ड्रुसिलाला आजारपणाचं कळवायला शाई शोधू लागली.

पुढच्या आठवड्यात ती जाहिरात काढून टाकायला मी चौकटीला हात घातला आणि तसाच मागे घेतला. मन होईना. शिवाय रीत म्हणजे रीत. मनाई आलेली नव्हती. जाहिरात पुन्हा निघाली. नदीपलीकडच्या पोस्टात 'लँटर्न' एक आठवडा उशिरा पोचतो, त्यामुळे दुसऱ्या शनिवारी तिकडचा सगळा मुलूख लोटला. क्रॅट्झकडे आता खिळासुद्धा शिल्लक नव्हता. बायका त्याच्या दुकानात ठाण मांडून बसल्या. नाही म्हणजे काय? छापलंय की. एकीनं त्याला तोंडावर लबाड म्हटलं, एकीनं न्यायाधीशांकडे जाण्याची भाषा केली. दोघीतिघी क्विल यांच्या आवारात शिरल्या आणि कळसवाली चूल इथे मिळते ना म्हणून थडगी ठोकून बघू लागल्या. क्विल यांनीही माझ्याशी बोलणं सोडलं.

सोमवारी सकाळी क्रॅट्झ माझ्या छापखान्यात आला. आयुष्यात पहिल्यांदा. गाल अजून सुजलेला होता.

"बंद करा," तो म्हणाला.

"काय बंद करू?"

"ती जाहिरात. माल वसंतात येणार. तोवर त्या बाया मला खातील. मला कोबी शिजवू देत नाहीत. माझ्या हातांकडे बघा म्हणून अंगावर येतात. मी कुणाचा नवरा आहे का?"

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पंधरा दिवसांत गेलेली माझी सगळी इभ्रत हळूहळू परत येत असल्याचं मला जाणवलं. "क्रॅट्झसाहेब, रीत अशी आहे, की ज्यानं जाहिरात दिली त्यानंच ती बंद करायची. तुम्ही दिली होती का?"

"मी कशाला देतो?"

"मग तुमची मनाई मी कशी घेऊ? जाहिरात देणारा मी. मला ती आवडते. ती चालू राहणार. टोपीवाल्यांची अजून चालू आहे, तुम्ही वाचत नाही म्हणून."

तो खुर्चीवर बसला. "छापायचं काय घेता ते कधी विचारलं नाही मी," तो अखेर म्हणाला. "न छापायचं काय घेता?"

"दुकानात एक चूल आहे अजून."

"ती? पेटलेली? ती विकायची नाही."

"म्हणूनच शिल्लक आहे."

त्यानं जर्मनमध्ये काहीतरी लांबलचक म्हटलं. मग उठला, दारापर्यंत गेला, वळला. "आणि माझी कोबी?"

"आमच्याकडे येऊन शिजवा. वसंतापर्यंत."

सणाच्या आदल्या दिवशी चूल आली, अजून कोमट होती. निकेलचा कठडा हिलाही होता, फक्त वर्षानुवर्षांच्या धुराखाली तो कुणाला दिसला नव्हता. केझायानं राखेनं घासून काढला. माझी पावलं स्वयंपाकघर आणि दार यांमध्ये नुसती फेऱ्या घालत होती, कारण आजारपणाचं ते पत्र गेलंच नव्हतं आणि ड्रुसिलाची गाडी संध्याकाळची होती. आम्ही धुराडं जोडलं, लाकडं रचली, आणि मी काडी ओढणार एवढ्यात डीकन स्प्रेग आत आले. निरीक्षकाचा बिल्ला लावून आले होते.

"थांब थांब," ते म्हणाले. "खाली काय आहे? लाकडी जमीन. गावचा नियम काय सांगतो? नव्या चुलीखाली अखंड दगड हवा. नाहीतर पेटवायची परवानगी नाही."

"डीकन, ही तुमची थट्टेची वेळ नव्हे."

"थट्टा? तू तो नियम छापलास. वर अग्रलेख लिहिलास, 'शिथिलता म्हणजे सर्वनाश'. माझ्याकडे आहे तो अंक."

दगड या वेळी आणायचा कुठून? क्विल माझ्याशी बोलत नव्हते. मी हताश होऊन केझायाकडे बघितलं. केझाया माझ्याकडे बघत नव्हती. ती खिडकीतून खोपीकडे बघत होती.

"थॅड," ती म्हणाली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा थॅड म्हणाली.

"उलटी घालू," मी म्हणालो. "कोरी बाजू वर."

"मागची बाजू ओबडधोबड आहे. चूल डुगडुगेल."

ड्रुसिला दुसऱ्या दिवशी जेवली. क्रॅट्झही जेवला, कोबीसकट, टर्कीचा मऊ मऊ भाग वेचून, सुजल्या गालानं. ब्रेड दोन्हीकडून सारखा भाजला होता. ड्रुसिलानं तो तीनदा घेतला आणि तिन्ही वेळा तोंडानं काही म्हणाली नाही, त्यावरून मी काय ते ओळखलं. जेवणानंतर ती खुर्ची ओढून चुलीपाशी बसली, बुटांची टोकं पुढे केली, आणि खाली वाकून बघू लागली.

चुलीच्या चार पायांमध्ये, विस्तवाच्या उजेडात, अक्षरं अगदी स्वच्छ दिसत होती.

"थॅडियस प्रूइट यांच्या स्मृतीस," तिनं मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, मी जिवंत आहे याची खात्री केली, आणि बहिणीकडे वळली. "केझाया, हे काय? नवऱ्याचं थडगं चुलीखाली?"

मी काही खुलासा करणार होतो. विषय मोठा होता, सुरुवात कुठून करावी याचा विचार करत होतो. पण केझायानं ताटं उचलता उचलता उत्तर देऊन टाकलं.

"अगं, इतकी वर्षं तो दगड बाहेर थंडीत नुसता उभा होता," ती म्हणाली. "आता घरात उपयोगी पडतोय. तू पाय शेक."